लग्नाचा जुना पिक्चर बघताना शेजारी कायद्याची वही ठेवा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमच्या वरच्या खोलीत आम्ही सातआठ जण रविवारी जुने पिक्चर बघतो, म्हणजे प्रोजेक्टर एका क्लासवाल्या मित्राचा, पडदा म्हणजे आईची पांढरी चादर आणि इंटरव्हलला खालून आणलेलं भडंग. गेल्या वर्षी ठरलं की काळा-गोरा, जात-धर्म असल्या 'आपल्यात चालत नाही' टाइपच्या लग्नांचे जुने पिक्चर ओळीनं बघायचे. पहिले दोन रविवार सरळ वाया गेले, कारण पिक्चर संपला की चर्चा एकाच ठिकाणी येऊन बसायची, "त्या काळात तसंच होतं रे." अरे पण कुठल्या काळात, कुठल्या गावात, आणि अडवलं नेमकं कुणी, पोलिसानं का बापानं का थिएटरवाल्यानं? हे कुणालाच माहीत नव्हतं, मलापण नाही. मग हळूहळू एक पद्धत बसली ती इथं लिहितोय, तुमच्या कट्ट्यावर करून बघा.

सगळ्यात आधी एक वही घ्या, साधी शंभर पानी. प्रत्येक पिक्चरला एक पान आणि पानावर पाच गोष्टी: शूटिंग कधी झालं, रिलीज कधी झाला, गोष्ट कुठं घडते, त्या ठिकाणी त्या साली हे लग्न कायद्यानं चालत होतं का, आणि तेव्हा पडद्यावर काय दाखवायची बंदी होती. शेवटच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या, एका ओळीत कोंबायच्या नाहीत, निम्मा घोळ तिथंच होतो.

शूटिंगची आणि रिलीजची तारीख वेगळी का, ते 'गेस हूज कमिंग टू डिनर' वरून कळतं. गोरी पोरगी, काळा डॉक्टर, दहा दिवसांची ओळख आणि लग्नाचं नक्की करून थेट पोरीच्या आईबापासमोर. सिडनी पॉइटिए, कॅथरिन हेपबर्न, स्पेन्सर ट्रेसी. पिक्चर थिएटरात आला डिसेंबर १९६७ ला. आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं असल्या लग्नांवरची बंदी सगळ्या देशात उडवली ती १२ जून १९६७ ला. त्यामुळं सगळ्यांना वाटतं निकाल आला, वातावरण मोकळं झालं, मग पिक्चर आला. तर तसं नाही. ट्रेसी वारला १० जूनला, म्हणजे निकालाच्या दोन दिवस आधी, आणि त्याचं काम त्याच्याही दोनअडीच आठवडे आधी संपलेलं. म्हणजे अख्खा पिक्चर जुन्या कायद्याच्या सावलीत शूट झाला आणि नव्या कायद्याच्या उजेडात लागला. पिक्चरमध्ये डॉक्टरचा बाप पोराला झापतो की सोळा-सतरा राज्यांत तुम्ही गुन्हेगार ठराल, तो डायलॉग पडद्यावर आला तेव्हा खोटा झालेला होता, पण बोलला गेला तेव्हा शंभर टक्के खरा होता. आमच्याकडं ह्यावर पाऊण तास वाद झाला, दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमरनं तो डायलॉग कापायला पाहिजे होता का नको. माझं मत नको, कारण कायदा जूनमध्ये बदलला म्हणून बापाच्या पोटातली भीती डिसेंबरपर्यंत जात नसते.

आता कायद्याची ओळ कशी भरायची. अमेरिकेला एकच कायदा नव्हता, लग्नाचा कायदा राज्याराज्याचा, त्यामुळं 'अमेरिकेत बंदी होती' असं वाक्य वहीत लिहायचंच नाही. काही राज्यांत बंदी कधी नव्हतीच, काहींनी एकोणिसाव्या शतकातच काढलेली, आणि १९६७ साली सोळा राज्यांत अजून चालू होती. कॅलिफोर्नियात तिथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टानं १९४८ ला पेरेझ विरुद्ध शार्प केसमध्ये ती उडवली, तीपण चार विरुद्ध तीन मतांनी, म्हणजे एक जज्ज इकडचा तिकडं झाला असता तर गेलं सगळं. आणि 'गेस हू' ची गोष्ट घडते सॅन फ्रान्सिस्कोत! म्हणजे ज्या घरात एवढी रडारड चाललीय त्या घराच्या बाहेर हे लग्न एकोणीस वर्षं कायदेशीर होतं. हे वहीत लिहिल्याशिवाय लक्षात येत नाही. मग कळतं की हा पिक्चर कायद्यावर नाहीच, तो ड्रॉइंग रूमवर आहे.

कायदा जिथं खरोखर दारात येतो ते बघायचं असेल तर लव्हिंग नवरा-बायकोची केस वाचा, आडनावच लव्हिंग. रिचर्ड गोरा गवंडी, मिल्ड्रेड काळी आणि तिच्यात नेटिव्ह अमेरिकन रक्तपण. जून १९५८ ला वॉशिंग्टन डीसीत जाऊन लग्न केलं कारण त्यांच्या व्हर्जिनियात १९२४ चा वंशशुद्धीचा कायदा होता. पुढच्याच महिन्यात रात्री शेरीफ बेडरूममध्ये. भिंतीवर लग्नाचं सर्टिफिकेट लावलेलं होतं, ते दाखवलं तर म्हणाला ते इथं चालत नाही. जानेवारी १९५९ ला एक वर्षाची शिक्षा, आणि पंचवीस वर्षं दोघांनी मिळून राज्यात पाय ठेवायचा नाही ह्या अटीवर ती स्थगित. पंचवीस वर्षं राव! मग मिल्ड्रेडनं १९६३ ला ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडीला पत्र लिहिलं, तिथून वकील मिळाले आणि चार वर्षांनी नऊ विरुद्ध शून्य निकाल, वर सांगितलेला १२ जूनचा तो हाच. हे आधी सांगून मग 'गेस हू' लावला तर बापाच्या त्या एका डायलॉगला खोलीत कुणी खोकत पण नाही, आम्ही दोन्ही प्रकारे करून बघितलंय.

दुसरं काम म्हणजे कात्री ओळखणं. पडद्यावर एखादी गोष्ट दिसली नाही की 'कायद्यानं बंदी असेल' म्हणून मोकळं व्हायचं नाही. कात्र्या तीन. एक लग्नाच्या कायद्याची, ती वर झाली. दुसरी हॉलिवूडच्या प्रॉडक्शन कोडची, आणि हा सरकारी कायदा नव्हता हे नीट समजून घ्या, स्टुडिओवाल्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतलेलं वेसण होतं ते. लिहिला १९३० ला, कडक झाला १९३४ च्या जुलैपासून, जोसेफ ब्रीन नावाचा माणूस खुर्चीत बसल्यावर. त्यात साफ लिहिलेलं की गोरे आणि काळे ह्यांच्यातले शारीरिक संबंध दाखवायचे नाहीत. स्वतःहून का घातलं वेसण? कारण १९१५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलेलं की सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला भाषणस्वातंत्र्य नाही, म्हणजे राज्यांचे सेन्सॉर बोर्ड काहीपण कापू शकत होते, तर स्टुडिओवाले म्हणाले बाहेरच्यानं कापण्यापेक्षा आपणच कापू. कोर्टानं ते मत १९५२ ला बदललं, कोडमधलं हे कलम १९५६ ला गेलं आणि अख्खा कोड १९६८ ला जाऊन रेटिंग आलं. ह्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, सारख्या लागतात.

तिसरी कात्री गल्ल्याची, आणि सगळ्यात बेरकी हीच. १९५७ चा 'आयलंड इन द सन' बघा. गोष्ट ब्रिटिशांच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरची, तिथं असल्या लग्नाला कायद्याची आडकाठी नाही, कोडमधलं कलम आदल्याच वर्षी निघालेलं, म्हणजे दोन्ही कात्र्या म्यानात. तरीपण हॅरी बेलाफोंटे आणि जोन फोंटेन एकमेकांकडं नुसते बघत बसतात, किस नाही काही नाही, एक नारळ दोघं मिळून पितात तेवढंच. कारण? दक्षिणेकडच्या राज्यांतल्या थिएटरवाल्यांची भीती. कायदा संपला तरी धंदा घाबरलेलाच राहतो. 'गेस हू' मध्येपण किस एकच आहे, तोपण टॅक्सीवाल्याच्या आरशातून दिसतो. प्रोजेक्टरवाल्याला सांगून तिथं पॉज करायला लावा.

ह्या तिन्ही कात्र्यांच्या पोटात आणखी एक गंमत बसते, कास्टिंगची. १९४९ चा 'पिंकी', उजळ रंगाची काळी नर्स आणि तिचा गोरा डॉक्टर. नर्सचं काम केलंय जीन क्रेननं, जी स्वतः गोरी. म्हणजे पडद्यावर मिठी मारताहेत ते दोन गोरेच, सगळे खूश. आणि एवढं करूनपण टेक्ससमधल्या मार्शल गावात तो लावला म्हणून थिएटरवाल्याला दोषी धरलं, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९५२ ला सुटला. त्याच्या आधीचं उदाहरण १९३७ चा 'द गुड अर्थ', चिनी शेतकऱ्याची गोष्ट. हिरो पॉल म्युनी गोरा, तोंडाला रंग लावून चिनी झालेला, त्यामुळं बायकोचं काम ॲना मे वाँग ह्या खऱ्या चिनी-अमेरिकन नटीला द्यायचं नाही, कारण मग पडद्यावर गोऱ्याचं आणि आशियाई बाईचं लग्न दिसलं असतं. काम गेलं लुइझ रायनरकडं, तिला ऑस्करपण मिळालं. कोडच्या अक्षरात फक्त काळे-गोरे होते बरं का, पण ताणून आशियाईपण आत घेतले. आपल्याकडं नियम कसे ताणतात ते माहीत असलेल्या माणसाला ह्यात नवल वाटणार नाही.

मध्येच एक जण विचारतोच की मग आपली माणसं ह्या काळ्या-गोऱ्या हिशोबात कुठं बसायची. कॅलिफोर्नियात गेल्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबी शेतकरी गेले, बायका सोबत नेता येत नव्हत्या, गोऱ्या बाईशी लग्न करायला गेलं तर क्लार्क लायसन देईना, मग बऱ्याच जणांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली कारण क्लार्कच्या नजरेला दोघांचा रंग सारखा! इंपीरियल व्हॅलीत अशी पंजाबी-मेक्सिकन घरंच्या घरं झाली. १९२३ ला भगतसिंग थिंड नावाच्या पंजाबी माणसाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की भारतीय माणूस नागरिकत्वासाठी गोरा नाही. ह्यावर क्लासिक जमान्यात एकपण पिक्चर कुणी का काढला नाही देव जाणे, मसाला तर काठोकाठ भरलाय.

आता आपल्याकडचं पान. इथं वंशाच्या जागी जात आणि धर्म लिहायचा, पण वही तीच. लोक म्हणतात आपल्याकडं असा कायदा कुठं होता, ती सगळी समाजाची बंदी. चूक. इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यानं रजिस्टर लग्न करायचं तर दोघांनी लिहून द्यायला लागायचं की मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिश्चन नाही, अशी यादीच. म्हणजे लग्नासाठी आधी आपण कोण नाही ते सांगायचं. १९२३ ला हरिसिंग गौर ह्यांच्या खटपटीनं दुरुस्ती झाली, हिंदू, बौद्ध, शीख, जैन ह्यांना आपापसात ते लिहून देण्यातून सुटका मिळाली. पण त्यात एक पाचर होती, असं लग्न केलं की एकत्र कुटुंबातून तुम्ही आपोआप वेगळे निघालात. जुन्या पिक्चरमधला बाप "आजपासून तू मला मेलास" म्हणतो ना, त्यातलं अर्धं काम कायदाच करून ठेवत होता. जातीबाहेरच्या हिंदू लग्नांना सरसकट मान्यता आली १९४९ ला, आणि आजचा स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४ चा, त्यात कुणीच धर्म सोडायचा नाही.

आणि इथं कोल्हापूरकरानं कॉलर ताठ करायची, पण माहिती घेऊन. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात आंतरजातीय लग्नाला मान्यता देणारा कायदा १९१८-१९ च्या सुमारास केला, दिल्लीच्या कौन्सिलात विठ्ठलभाई पटेलांचं तसलंच बिल लटकलेलं असताना. नुसता कायदा करून थांबले नाहीत, मराठा-धनगर लग्नं जुळवायला घरापासून सुरुवात केली. कागलच्या घाटग्यांची, म्हणजे महाराजांच्या जन्माच्या घराण्यातली लेक इंदूरच्या धनगर होळकरांच्या घरात गेली, लग्न लागलं १९२४ ला, तेव्हा महाराज जाऊन दोन वर्षं झालेली. त्याच होळकरांच्या घरात १९२८ ला तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर ह्या अमेरिकन मुलीशी लग्न केलं, तिचं नाव शर्मिष्ठादेवी, आणि तिला हिंदू करून घेण्याचा विधी नाशिकला केला तो आपल्या करवीर पीठाच्या शंकराचार्यांनी, डॉ. कुर्तकोटींनी. म्हणजे ज्या वर्षात व्हर्जिनियात असलं काही केलं तर तुरुंग होता त्या वर्षात इकडं पीठ पुढं आलं. राजघराणं होतं म्हणून जमलं हे खरं, साध्या घरातल्याला कुणी नाशिकला नेलं नसतं, चर्चेत हा मुद्दा कुणीतरी काढेलच, काढू द्या.

आपले पिक्चर कोणते लावायचे? मी 'अछूत कन्या' (१९३६) आणि 'सुजाता' (१९५९) लागोपाठ लावतो. पहिल्यात अशोक कुमार ब्राह्मणाचा पोर, देविका राणी अस्पृश्य घरातली, लग्न होतच नाही, ती रेल्वेच्या फाटकावर जीव देते. वहीत बघितलं तर रजिस्टर लग्नाची वाट १९२३ पासून उघडी होती, पण पिक्चर त्या वाटेचं नावसुद्धा काढत नाही. 'सुजाता' येईपर्यंत १९४९, १९५४ आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा, सगळे कायदे झालेले, त्यामुळं नूतन आणि सुनील दत्तच्या मध्ये सरकार नाहीच, फक्त घर आहे. दोन पिक्चरच्या मधल्या तेवीस वर्षांत खलनायक कसा बदलला ते असं शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

आणि एक जोडी मी मुद्दाम सांगतो कारण ती आम्हाला चुकून सापडली. १९३६ चा 'शो बोट', जेम्स व्हेलचा. मिसिसिपी नदीवरची नाटकाची बोट, बोटीवरची मुख्य नटी ज्युली गोरी म्हणून वावरते पण तिच्यात काळं रक्त आहे, नवरा गोरा, शेरीफ पकडायला येतोय. तर नवरा तिच्या हाताला चाकूनं चीर पाडतो आणि रक्त चोखतो, की आता माझ्यातपण काळं रक्त आहे, कर काय करायचंय ते. दक्षिणेत एका थेंबाचा नियम होता, थेंब असला तरी तुम्ही काळे, आणि त्यानं तोच नियम शेरीफच्या अंगावर उलटवला. कोड इतका कडक असताना हा सीन राहिला हे आश्चर्यच. आता ह्याच्या शेजारी 'सुजाता' चा शेवट ठेवा, वाढवलेल्या आईला रक्त लागतं आणि जुळतं फक्त सुजाताचं. तिकडं एका थेंबानं गोरा माणूस काळा होतो, इकडं एका बाटलीनं आई लेकीला आपली म्हणते. आमच्या खोलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी एक ताई येते, ती म्हणाली रक्तगट बघायला दोन मिनिटं लागतात, ह्या लोकांना तीन तास लागले. पण कायद्यानं रक्ताची व्याख्या केली की सिनेमापण रक्तातच उत्तर शोधतो, हे तिच्यामुळंच सुचलं आम्हाला.

क्रम कसा लावायचा, तर सालाप्रमाणं अजिबात नको. पहिल्या रविवारी १९३६ चा लावला की पुढच्या रविवारी निम्मे येत नाहीत. 'सुजाता' पासून सुरुवात करा, गाणी ओळखीची आहेत, घरातली मोठी माणसंपण बसतात. मग 'गेस हू', १०८ मिनिटांचाच आहे. त्यानंतर मागं जा, 'शो बोट', 'पिंकी'. 'गेस हू' नंतर थोडं चिडायला जागा ठेवा कारण त्यातला डॉक्टर इतका आदर्श दाखवलाय, शिक्षण भारी, नोकरी जगभर, वागणं सोन्यासारखं, की आमच्यातला एक जण म्हणाला हा बायोडाटा बघून आमच्या मावशीनंपण पोरगी दिली असती. बरोबर आहे, साधा गवंडी असता, रिचर्ड लव्हिंगसारखा, तर ड्रॉइंग रूमचं काय झालं असतं हा प्रश्न पिक्चर टाळतो.

एक घरातली सूचना. मोठ्यांना बोलवा आणि त्यांना बोलू द्या. आमच्या आत्याचं लग्न १९८७ चं, नवरा ख्रिश्चन, स्पेशल मॅरेज ॲक्टखाली, म्हणजे आधी नोटीस, ती बोर्डावर, तीस दिवस हरकतीला, मग तीन साक्षीदार. आम्हाला वाटायचं ती पळून जाऊन केलेली भारी फिल्मी स्टोरी. 'गेस हू' संपल्यावर आत्या शांतपणे म्हणाली, "ह्यांना एका संध्याकाळचं टेन्शन होतं, मला महिनाभर होतं," आणि मग सांगितलं की बोर्डावरचा कागद गल्लीतल्याच कुणीतरी वाचला आणि ती घरी सांगायच्या आधी आजोबांना सांगितलं. कायद्यानं वाट उघडली आणि त्याच कायद्यानं दारावर नावं चिकटवली. हे वहीत आत्याच्या नावाचं पान करून लिहिलंय.

बारीकसारीक: घरात मित्रमंडळीत बघताय तोवर ठीक, हॉल घेऊन तिकीट लावणार असाल तर हक्क घ्यायला लागतात. सबटायटल आधी पाच मिनिटं चालवून बघा. आणि शेवटच्या रविवारसाठी 'वन पोटॅटो, टू पोटॅटो' राखून ठेवा, १९६४ चा, स्टुडिओच्या बाहेर कमी पैशात केलेला. ओहायोत घडतो, तिथं लग्नाला बंदी नाहीच, गोऱ्या घटस्फोटित बाईचं काळ्या माणसाशी रीतसर लग्न होतं, संसार लागतो, आणि मग पहिला नवरा येऊन पोरगी मागतो. त्या बाईचं काम केलेल्या बार्बरा बॅरीला फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये ॲक्टिंगचं बक्षीस मिळालं. लग्नाचा कायदा मोकळा असून पोराच्या ताब्याचा कायदा कसा मागून येऊन धरतो ते ह्यात आहे, आणि अशा कारणावरून आईकडून पोर काढून घ्यायचं नाही हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं १९८४ ला, पिक्चरनंतर वीस वर्षांनी. शेवट सांगत नाही. फक्त त्या रविवारी भडंग आधीच खाऊन घ्या, आमच्याकडं नंतर कुणी हात लावला नाही.